दादाच्या फ्लेक्सवरचं औषध

सत्कार या प्रकाराचा मला मनापासून तिटकारा आहे. कुणी शाल उलगडत माझ्याकडे यायला लागलं की पळून जावंसं वाटतं. आमच्याकडे कशाचाही सत्कार होतो. पोरगं दहावी पास झालं, सत्कार. तलाठ्याची बदली झाली, सत्कार. ती बदली रद्द झाली, पुन्हा सत्कार. शाल, नारळ, हार आणि चौकात भलंमोठं फ्लेक्स. फ्लेक्सच्या मधोमध सत्कारमूर्तीचा गोरा करून घेतलेला चेहरा आणि खाली शुभेच्छुकांची रांग. माझ्या या रागाला लोक हसतात. हसू द्या. माझा सख्खा भाऊ एका फ्लेक्सपायी मरायला निघाला होता, आणि ते फ्लेक्स त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं होतं.

दादाचा मुखेडला मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. लग्न, जयंती, प्रचारसभा, काहीही असो. खांब, कनाती, खुर्च्या, माईक सगळं त्याचंच. शाली तो हैदराबादहून घाऊक आणून ठेवतो आणि नारळ मोजून नाही, पोत्यानं घेतो. मी त्याची धाकटी बहीण. लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते आणि शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत नांदेडला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएचडीचं काम करते. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढं शिकवू तेवढाच पगार, तोही सरकारला आठवण झाली की. त्यावर मी काही बोलत नाही, कारण बोलायला लागले तर हा लेख तिथंच संपेल.

माझं काम मी शंभर जणांना समजावून सांगितलं आहे आणि शंभरही जणांनी ते चुकीचं समजून घेतलं आहे. पुन्हा एकदा सांगते. सोन्याचे इतके बारीक कण करता येतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, नुसतं पाणी लाल दिसतं. त्यातले काडीच्या आकाराचे कण कॅन्सरच्या गाठीत सोडले आणि बाहेरून विशिष्ट प्रकाश टाकला तर ते तापतात आणि गाठ आतून भाजते. ही कल्पना माझी नाही, जगभर लोक तिच्यामागे आहेत. भानगड अशी की कण काडीसारखे वाढवायला एक साबणासारखं रसायन लागतं, जखमा धुवायच्या औषधात असतं त्याच्याच भावकीतलं. ते कणांना चिकटून बसतं. मग ते कॅन्सरची पेशी मारतं आणि शेजारची धडधाकट पेशीही मारतं. कण धुवायला जावं तर तेच एकमेकांना चिकटतात, लाल पाणी करडं पडतं, तळाशी गाळ बसतो आणि आठवड्याची मेहनत मोरीत जाते. म्हणजे मी औषध बनवतच नव्हते. जे बनतं त्यातलं विष कसं काढायचं, एवढंच माझं काम. साबण धुवून काढायचा आणि त्याच्या जागी बाभळीच्या डिंकाचा पातळ थर बसवायचा, म्हणजे कण चिकटणार नाहीत आणि अंगालाही बाधणार नाहीत, असा माझा बेत.

डिंक वहिनी पाठवायच्या. मुखेडच्या आठवडी बाजारातून, बाळंतिणीच्या लाडवांसाठी निवडावा तसा खडा न् खडा निवडून, पिशवी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती देऊन. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे आणि त्या पिशव्यांनी पुढे मला काय काय ऐकवलं तेही विसरलेले नाही.

तर सत्कार. एका परिषदेत माझ्या पोस्टरला दुसऱ्या नंबरचं बक्षीस मिळालं. पहिलं नाही, दुसरं. दादाला फोनवर सांगितलं ही गोष्ट खरी, कारण आनंद झाला होता आणि आई-वडील राहिले नाहीत, सांगायचं तर त्यालाच. आठ दिवसांनी त्यानं मोबाईलवर फ्लेक्सचा नमुना पाठवला: ‘कॅन्सरवर सोन्याचे औषध शोधणाऱ्या मुखेडच्या सुकन्येचा भव्य नागरी सत्कार.’ जयंतीच्या मांडवात, विहारासमोर. माझा चेहरा तर असा उजळलेला की मीच मला ओळखलं नाही.

मी तडक फोन लावला आणि ओरडले. "दादा, औषध नाही रे ते! काढ ते वाक्य."

"मग काय लिहू? ‘विष काढून राहिलीय’ असं लिहू?" तो म्हणाला. "लोकं म्हनतील, हिनं आधी घातलं कामून?"

"मग काहीच लिहू नकोस."

"बाई, छापून झालं. आन तुझ्या सरांनी वाचलंय. ते म्हनले, लई छान हाय."

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. तोंडावर मी त्यांना सर म्हणते, मनात बरंच काही म्हणते. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना दादानं परस्पर बोलावलं होतं आणि ते गाडी करून, पांढरं जाकीट घालून आले. येताना प्रोजेक्टरसाठी माझ्या प्रयोगाचा एक फोटो घेऊन आले.

त्या फोटोवरच पुढचं सगळं रामायण झालं, म्हणून तो नीट सांगायला हवा. पेशींची चाचणी आम्ही एका तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये करतो. तिच्यात रांगेनं बारीक खळगे असतात. डाव्या अर्ध्या भागात कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, उजव्या अर्ध्या भागात निरोगी. वरून कणांचं पाणी सोडायचं, एक-दोन दिवस थांबायचं आणि मग एक पिवळं रसायन घालायचं. पेशी जिवंत असेल तर ती पिवळ्याचं जांभळं करते. मेली असेल तर पिवळं पिवळंच राहतं. बस्स, इतकं सोपं. सरांनी मांडवात दाखवलेल्या फोटोत प्लेटचा फक्त डावा भाग होता. सगळा पिवळाधमक. "हे पाहा," सर म्हणाले, "हे कॅन्सरचे सगळे मुडदे. दोन-तीन वर्षांत हे औषध तुमच्या दारात येईल." मांडव टाळ्यांनी हलला. उजवा भागही तितकाच पिवळा होता. तो कापून टाकलेला होता.

मी गप्प बसले नाही. शाल अंगावर, हार गळ्यात, त्या अवतारात मी माईक हातात घेतला आणि सांगितलं, "हे अजून औषध नाही. आज हे कुणाला दिलं तर त्याला इजा होईल. माझं काम अर्धंसुद्धा झालेलं नाही." यापेक्षा स्पष्ट मराठी मला येत नाही. आणि काय झालं? सरांना मिळाल्या त्याच्या दुप्पट टाळ्या मला मिळाल्या. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, "बघा मंडळी! एवढं मोठं काम करूनही पाय जमिनीवर." पुढच्या रांगेतल्या बायांनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. सत्कारमूर्तीनं ‘मी काही केलं नाही’ असं म्हणायचंच असतं आमच्याकडे. न म्हटलं तर माजली म्हणतात. मी खरं बोलले आणि लोकांनी तो विनय म्हणून ऐकला. याला काय करावं? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या माणसांशी बोलायला भाषाच उरलेली नाही.

आणि तिथंच, स्टेजच्या मागे, दादा उजव्या गालात केळं धरून चावत होता. डाव्या बाजूला फोड आला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पुडीचा चुना लागलाय, जाईल." गुटख्याची पुडी तो मिसरूड फुटल्यापासून खायचा. मी त्याला दवाखान्यात जा म्हटलं, तो हो म्हणाला, आणि जे होतं तेच झालं. गेला तोवर फोडाची गाठ झाली होती.

ऑपरेशन लातूरला झालं. गाल आतून काढला, गळ्याच्या गाठी काढल्या, जखम भरू दिली आणि मग डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. शनिवार-रविवार सोडून रोज, कित्येक आठवडे. दादा आणि वहिनी माझ्या दोन खोल्यांत राहायला आले. मोठ्या पुतणीनं मुखेडचं घर सांभाळलं.

दोन खोल्यांत आजारी माणूस असला की प्रेम वाढतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं लातुरात, उन्हाळ्यात, आठवड्यातून एकदा नळ येतो अशा गल्लीत राहून दाखवावं. वहिनी पहाटे भांडी आदळायच्या, मी त्यांच्यावर खेकसायची, दादा दोघींवर. पहिले दोन आठवडे तो शेकाला निमूट गेला. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. भाताची पेजसुद्धा तिखट लागायची. थुंकी गिळताना तो भिंतीला हात लावून उभा राहायचा. गळ्याची कातडी काळी पडली. हे मी बघत होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी डोक्यात संताप यायचा, त्याच्यावर, त्याच्या पुड्यांवर, पुड्या विकणाऱ्या टपऱ्यांवर.

एका सोमवारी सकाळी तो उठून तयारच झाला नाही.

"आवर ना दादा, नंबर जाईल."

"न्हाई जायचं मला." त्यानं गमछा तोंडावर धरला होता. "माझी सख्खी बहीन सोन्याचं औषध करून राहिलीय, आन मी भाजून घेऊन राहिलो. लोकं हसतील मला."

मला आधी वाटलं, चिडून बोलतोय. मग कळलं की तो मनापासून बोलतोय. त्यानं छापलेलं, त्यानं बांधलेलं, पैसे देऊन गोरं करून घेतलेलं ते फ्लेक्स त्याला स्वतःलाच खरं वाटत होतं. सत्काराचं फ्लेक्स खोटं असतं हे गावातल्या कुणापेक्षाही त्याला जास्त माहीत. तरी दुखायला लागल्यावर त्यानं तेच धरलं.

मी समजावलं. बसून, शांतपणे, माझ्या स्वभावाला न शोभेल इतकं शांतपणे. साबण, विष, डिंक, सगळं. तो मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तू मांडवात पन असंच बोललीस. लई साधी हायस तू."

त्या क्षणी हातात तांब्या होता. तो मी भिंतीवर फेकला.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांचा आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच तो जास्त लागतो. "वन्सं, तांब्या कामून फेकता? आमाला सगळं कळतं. पेटंट होईस्तवर बाहेर काढायचं नसंल तुमाला. मोठ्या लोकांना इकायचं असंल. पर डिंक माझ्या हातानं निवडलेला हाय. माझ्या डिंकाचं औषध आन माझ्याच मालकाला न्हाई?"

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्याही गप्प बसल्या नाहीत. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

दुपारी मी एकटी दवाखान्यात गेले. डॉक्टरीण बाई घाईत होत्या, तरी थांबल्या. म्हणाल्या, शेकात खंड पडला तर उरलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो, एक-दोन दिवसांत आणा, तोंडासाठी औषध वाढवून देते, नळीनं अन्न देऊ, पण आणा. म्हणजे प्रश्न इतकाच होता. दादा परत त्या मशीनखाली झोपतो की माझ्या लाल पाण्याची वाट बघत घरी बसतो. पहिल्यात जगायची आशा होती. दुसऱ्यात काही नव्हतं, आणि त्या दुसऱ्यावर माझं नाव छापलेलं होतं.

घरी येऊन मी दादाला म्हटलं, "औषध बघायचंय ना तुला? चल उद्या नांदेडला. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

त्याचा चेहरा खुलला. वहिनींनी माझ्याकडे विजयानं पाहिलं आणि त्या रात्री मला न विचारता माझ्या ताटात दुसरी भाकर वाढली. ती मी गुपचूप परत टोपलीत ठेवली. मी त्याला काय दाखवायला नेतेय हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

योगायोग एवढाच की रविवारी मी प्रयोगशाळेत एक प्लेट लावून आले होते. वरच्या रांगांत जुने कण, साबण न काढलेले. खालच्या रांगांत माझे नवे, डिंक बसवलेले. डावीकडे कॅन्सर, उजवीकडे निरोगी. मंगळवारी पिवळं रसायन घालायचंच होतं.

लातूर-नांदेड एसटीत दादा खिडकीशी बसला, ओला गमछा तोंडाला लावून. अहमदपूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. त्याला चहा पिता येत नव्हता म्हणून मीही उतरले नाही, आणि त्याबद्दलही मला त्याचाच राग आला. लोह्याच्या पुढे तो म्हणाला, "सोनं लई लागतं का गं एका मानसाला?"

प्रयोगशाळेत त्याला स्टुलावर बसवलं. प्लेट काढली, त्याच्यासमोर खळग्याखळग्यात पिवळं रसायन घातलं आणि ती पुन्हा उबेत ठेवली. रंग धरायला तीन-चार तास लागतात. तेवढा वेळ तो मांडवात पाहुण्याची वाट बघावी तसा ताठ बसून राहिला. मग मी प्लेट काढली, खळग्यांतलं पाणी उपसून रंग विरघळवला आणि ती त्याच्यासमोर पांढऱ्या कागदावर ठेवली.

"ही वरची डावी बाजू. सरांनी मांडवात दाखवली ती अशीच होती."

"पिवळी. म्हंजे मेला कॅन्सर." तो खूश झाला.

"आता उजवीकडे बघ. या कॅन्सरच्या पेशी नाहीत. चांगल्या आहेत, आपल्या अंगातल्यासारख्या."

तो वाकला. प्लेटच्या अगदी जवळ डोळे नेले. "ह्या पन पिवळ्याच हायत."

"हो."

"मेल्या?"

"मेल्या. आणि ऐक. डावीकडचा कॅन्सर सोन्यानं मेलेला नाही. साबणानं मेलाय. फिनेल ओतलं असतं तरी मेला असता."

त्यानं पुन्हा डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. मग त्यानं खालच्या रांगांकडे बोट केलं. तिथं उजवीकडे बरेचसे खळगे जांभळे होते, काही फिके, दोन-तीन पिवळट. डावीकडेही जांभळेच. "हे डिंकाचं?"

"हे डिंकाचं. चांगल्या पेशी वाचल्या, सगळ्या नाही, बऱ्याच. दर वेळी तेवढ्या वाचतील याची खात्री नाही, डिंक प्रत्येक पिशवीला बदलतो. पण कॅन्सरही वाचलाय बघ. अजून त्याच्यावर प्रकाश टाकायचाय, तो किती, कसा, ते ठरवायचंय. मग उंदरावर बघायचं. सोनं यकृतात साठून राहतं, ते बाहेर कसं काढायचं ते कुणालाच नीट माहीत नाही. दादा, जे मारतं ते सगळ्यांनाच मारतं, आणि जे मारत नाही ते अजून कुणालाच मारत नाही. हे आहे माझं औषध. देऊ तुला?"

चार वर्षं मी ज्या प्लेटांपुढे वाकून बसले त्यांतली एक मी माझ्या भावाला तुच्छतेनं ढकलून दाखवत होते. मला त्याचा राग आला होता, सरांचा आला होता, आणि त्या जांभळ्या खळग्यांचाही, कारण ते अजून पुरेसे जांभळे नव्हते.

तेवढ्यात सर आले. दादा स्टुलावरून उठला, गमछा बाजूला करून त्यानं हात जोडले. सरांनी त्याला ओळखलं, मग चेहऱ्याचं काय झालंय ते पाहिलं, आणि पाऊल मागे घेतलं.

"सर," दादा म्हणाला. एक एक शब्द त्याला दुखत होता. "हे मानसाला द्यायला कधी होईल?"

"हे बघा, संशोधनाचं असं असतं," सरांनी घसा साफ केला. "पंधरा वर्षं. वीसही लागतील. किंवा नाहीही होणार."

"मांडवात तर तुमी दोन-तीन म्हनलात."

"अहो, ते मांडवातलं बोलणं झालं!" सर हसले. अगदी सहज, घरच्या माणसाशी बोलावं तसे.

दादा हसला नाही. मांडव हेच त्याचं घर, त्याचं पोट. त्यानं आयुष्यभर खांब रोवून, माईक जोडून जे उभं केलं त्यात बोललेलं काही खरं धरायचं नसतं, हे त्याच्या तोंडावर कुणी इतक्या सहज बोललं नव्हतं. त्यानं गमछा पुन्हा तोंडाला लावला आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसला.

सर मला म्हणाले, बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत आणायचं नसतं, नियम आहे. मी म्हटलं, अर्धी प्लेट कापायची नसते, तोही नियम आहे. ते म्हणाले, तुमच्या प्रबंधावर अजून माझी सही व्हायची आहे, आवाज खाली. मी आवाज खाली केला नाही. पूर्ण प्लेट छापली जाईल, दोन्ही बाजू, नाहीतर माझ्या नावानं काही छापलं जाणार नाही, असं सांगून मी पर्स उचलली. सही अजून झालेली नाही. आमचं भांडण चालूच आहे आणि ते मिटावं अशी माझी इच्छाही नाही.

परतीच्या गाडीत दादा एकच वाक्य बोलला. "तुझ्या सोन्यानं मरन्यापरीस त्या मशिनीनं भाजलेलं बरं." बुधवारी सकाळी तो माझ्याआधी तयार होता. वहिनींनी विचारलं, काय झालं नांदेडला? त्यानं हातानंच गप्प बसवलं. त्या दिवसापासून त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. पाणी हवं असेल तर वहिनींना सांगायचा, मी हातभर अंतरावर उभी असताना. वहिनींनी तर माझ्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली होती, मांडवातल्या बायांसारखी प्रेमानं नाही. मी माणूस परत शेकाला पाठवला होता आणि त्याबद्दल घरात मला कुणी क्षमा करत नव्हतं. मलाही कुणाची क्षमा नको होती. नाकातून नळी घातली, पेज नळीनं जाऊ लागली, दिवस गेले.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. वहिनींना ताप होता म्हणून दादाला घेऊन मी गेले होते. शेकाच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघं, मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. समोर नांदेडजवळच्या मुदखेडकडचं एक जोडपं बसलं होतं. बाईच्या गळ्याला गाठ, आज तिचा पहिला दिवस. तिचा नवरा सारखा माझ्याकडे बघत होता, मग मोबाईलकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी उठून आला आणि मोबाईल पुढे केला. त्यावर मी होते, शाल पांघरलेली, हार घातलेली.

"मॅडम, ह्या तुमीच ना? सोन्याचं औषध?" त्याचे डोळे भरून आले होते. "देवच पावला. हिला लई भ्या वाटून राहिलंय ह्या मशिनीचं. तुमी म्हनाल तर आत्ता घरी नेतो. थांबतो आमी, कितीबी थांबतो."

"ते औषध नाही," मी म्हटलं. "तुम्ही यांना आत न्या. मी जे करते त्याचा आज काही उपयोग नाही."

त्यानं ऐकलं, आणि हात जोडून, खाली वाकून हसला. "हाव, तसंच म्हनतात मोठी मानसं."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, आवाज चढवून. तो हात जोडलेलाच. बाईनं फाईल पिशवीत घालायला सुरुवात केली. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला आणि ती उठली नाही. मला त्या माणसाच्या श्रीमुखात द्यावीशी वाटत होती.

"ए भाऊ."

आवाज ओळखू येण्यासारखा नव्हता. दादानं गमछा काढला होता. नाकात नळी, गळा काळा, ओठ एका बोटापलीकडे उघडत नव्हते. कित्येक दिवसांत तो इतकं बोलला नव्हता.

"मी हिचा भाऊ हाय. सख्खा. तो मांडव माझा होता." तो श्वास घ्यायला थांबला. "न्हाई जमलं तिला. मी सोता जाऊन बघून आलो. लई केलं तिनं, न्हाई जमलं. जमलं असतं तर मी हितं बसलो असतो का?"

बाकावरचे सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. चार वर्षं. ‘न्हाई जमलं तिला.’ माझ्या मनात एकच शब्द उसळून आला: अजून. अजून नाही जमलं, म्हण की रे. मी तोंड उघडलं, आणि दादानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

त्या माणसाचे जोडलेले हात सुटले. त्यानं एकदा दादाच्या गळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मोबाईल खिशात घातला, आणि बायकोच्या पिशवीतून फाईल काढून तिला दंडाला धरून आत घेऊन गेला.